गल्लीतून चालत येणारं नाव

१

जेवण झालं की ऐलय्या भिंतीला पाठ लावून बसायचा आणि फोन उघडायचा. जनगावच्या कुम्मरवाड्यातल्या एकतीस घरांत त्याने इंटरनेटच्या तारा ओढलेल्या. आधी केबल होती, मग हे आलं. घरोघरी राउटरचा काळा डबा बसवलेला. कोणत्या डब्याला कोणाचा फोन जोडलेला आहे त्याची यादी कंपनीने त्याच्या फोनात दिलेली, ती तो रोज दुपारी एकदा वरून खाली बघायचा. दिवे हिरवे असले की बरं वाटायचं.

इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. पण एक नाव तो चित्रासारखं ओळखायचा. चंद्रकोर, शिडी, काठी, मग डोक्यावर पाट घेतलेले दोन खांब, मग पुन्हा काठी. त्याच्या मुलीने, चिट्टीने, हाताला धरून त्याला ते दाखवलेलं. "हे मी, नान्ना. माझा फोन असा दिसतो तुमच्या यादीत."

सगळ्या घरांना ऐलय्याने एकच पासवर्ड ठेवलेला, चिट्टीचं नाव आणि तिच्या जन्माचं वर्ष. सोयीचं म्हणून. एवढे पासवर्ड लक्षात कोण ठेवणार? पण त्यातून एक गंमत झाली. चिट्टी हैदराबादला नोकरीला लागली, आणि सणाला घरी आली की बस स्टँडपासून चालत येताना तिचा फोन आपोआप एकेका घराला जोडला जायचा. आधी फुलवाल्या कोंडय्याच्या डब्यात ते चित्र उमटायचं. मग शिंप्याच्या, मग पिठाच्या गिरणीत. ऐलय्या इकडे भिंतीला टेकून बघत बसायचा. मुलगी गल्लीतून येतेय हे त्याला तिच्या पावलांआधी कळायचं. नाव गिरणीपाशी आलं की तो उठून दूध तापत ठेवी. ती दारात येऊन जिभेने दोनदा टक-टक करायची, तोवर चहा झालेला असायचा. चहावरची साय ती बोटाने उचलून आधी खायची.

तीन वर्षांपूर्वी बतुकम्माच्या सणाला ती निघाली, तेव्हाही तो असाच बसलेला. अडीचला पोचणारी बस. अडीच झाले, तीन झाले. कोंडय्याच्या डब्यात काहीच उमटेना. दूध त्याने दोनदा तापवलं. बस भुवनगिरीच्या अलीकडेच उलटली होती, हे त्याला पाच वाजता कळलं.

तरी यादी बघायची सवय गेली नाही.

यंदाच्या बतुकम्माचा, त्या नऊ दिवसांच्या फुलांच्या सणाचा, पहिला दिवस होता. गल्लीत पोरी तरवडाची, कुरडूची फुलं टोपल्यांतून आणत होत्या. ऐलय्याने वरून यादी बघायला घेतली आणि पहिल्याच घरावर बोट थांबलं.

कोंडय्याच्या डब्यात चंद्रकोर होती. शिडी, काठी, दोन खांब, काठी.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

२

त्याने फोन पालथा ठेवला. पुन्हा उचलला. नाव तिथेच.

मग तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. ही खोली चिट्टीची, दाराला तिनेच शिवलेला निळा पडदा. पडद्याच्या आत लगेच लोखंडी पेटी. पेटीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि त्यात तिचा फोन. काच तडकलेली. बॅटरी फुगली म्हणून त्याने स्वतःच काढून वेगळ्या फडक्यात बांधलेली. तो फोन त्याने तळहातावर घेतला. दगडासारखा गार.

खाटेवर त्याची बायको सुगुणम्मा आपला जुना फोन कानाला लावून पडली होती. रोज दुपारी ती चिट्टीचे जुने आवाजी निरोप ऐकायची. "अम्मा, जेवलीस का?" "अम्मा, सकिनालू तळून ठेव, मोडके मला." तेच तेच, दहा-बारा.

"काय शोधताय?" तिने विचारलं.

"काही नाही. चावी."

"चावी खिशात असते तुमच्या. म्हातारे झालात."

बाहेर येऊन त्याने जिल्ह्याच्या ऑफिसात रफीला फोन लावला. रफी कंपनीचा माणूस. वयाने लहान, तोंडाने मोठा.

"चाचा, मीच करणार होतो तुम्हाला फोन," रफी म्हणाला. "तुमच्या त्या काळ्या डब्यांत भोक सापडलंय."

"भोक? मी तर पावसाळ्याआधी सगळे पुसून..."

"अहो, तसलं भोक नाही! आतल्या कामात चूक राहिलीय. त्यातून लांब बसलेला कोणीही आत शिरतो. आणि तुम्ही तर सगळ्या घरांना एकच पासवर्ड ठेवलाय. म्हणजे एक कुलूप उघडलं की अख्खी गल्ली उघडी. मुलीने काही शिकवलं नाही वाटतं?"

शिकवलं होतं. चिट्टीचं कामच ते होतं, फोनांतली असली भोकं शोधायचं. "नान्ना, प्रत्येक घराला वेगळा ठेवा," ती सारखी सांगायची. "आणि कोणालाही सांगायचा नाही. उद्या मी जरी मागितला ना, तरी म्हणायचं, मला ठाऊक नाही, बाळा." आणि हसायची.

"रफी," ऐलय्या हळूच म्हणाला, "यादीत एक नाव दिसतंय. तो फोन बंद आहे. बॅटरीसुद्धा नाही त्यात."

"नाव काय, कोणीही कोणाचंही लावतो, चाचा. चोर आपलं नाव सांगून येतो होय? पूर्वी कधी जोडलेल्या फोनाचं नाव डब्यात राहिलेलं असतं, तेच अंगावर घालतो आणि येतो." रफीने नीट समजावलं. "तर मी पाठवतो ते नवीन सॉफ्टवेअर घाला प्रत्येक डब्यात. घराला आठ आकडी वेगळा पासवर्ड. सद्दुलापर्यंत, म्हणजे सणाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, सगळं झालं पाहिजे. आणि घरात जुने फोन असतील तर बदला. त्यांतही भोक आहे. नुसता निरोप येतो, आणि तुम्ही बोट न लावताच चोर त्यातून आत शिरतो."

ऐलय्याने फोन ठेवला. चोर आहे. बरोबर. हेच असणार.

यादीत ते नाव पाच वाजेपर्यंत होतं. मग गेलं.

३

दुसऱ्या दिवशी अडीचला ते शिंप्याच्या घरी होतं. तिसऱ्या दिवशी गिरणीत. चौथ्या दिवशी गिरणीच्या पुढे, सहा घरं आत.

ऐलय्याने एकाही डब्याला हात लावला नाही. पाठ दुखतेय, असं त्याने रफीला सांगितलं. पाठ खरंच दुखत होती, पण ती वीस वर्षं दुखत होती.

तो स्वतःशी वाद घालायचा. चोर असता तर एकदम सगळ्या घरांत शिरला असता. एकेक घर करत, वाटेने, कशाला येईल? आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, तुला काय कळतं चोराच्या कामातलं? तुला साधी आपली सही करायला घाम फुटतो.

आणि अडीच वाजत आले की तो घाईने जेवायचा. हे त्याचं त्यालाच कळत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा दुपारची वाट बघावीशी वाटत होती. गल्लीत बायका फुलांभोवती फेर धरून टाळ्या वाजवत असायच्या आणि तो ते नाव बघत बसायचा. जणू उन्हात दमून सावलीला थांबत थांबत कोणी येतंय.

सातव्या दिवशी चार घरं पलीकडची स्वरूपा दारात आली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी. चेहरा उतरलेला.

"बाबाय, जरा चला. पाळण्यावरचा कॅमेरा नीट नाही."

ती दिवसभर बिड्या वळायची. बाळावर नजर राहावी म्हणून नवऱ्याने पाळण्यावर छोटा कॅमेरा बसवून दिला होता. मान फिरवतो तसला, त्यातून बोलताही येतं.

"काय होतं त्याला?"

"दुपारी फिरतो आपोआप. आधी दाराकडे बघतो, मग बाळाकडे. आणि..." तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "हसू नका हं, बाबाय. त्यातून आवाज येतो. कोणी जिभेने दोनदा टक-टक करतं. बाळ हसतं त्याला. ते हसतं ना, त्याचीच मला भीती वाटते. कोण बघतंय हो माझ्या पोरीकडे?"

ऐलय्याने खांब धरला.

"बाबाय? बरं नाही का?"

"ऊन लागलं." तिच्या घरी जाऊन त्याने कॅमेऱ्याची वायर ओढून काढली, गुंडाळून तिच्या हातात दिली. "हे आता लावू नकोस. डब्याचं मी बघतो. परवापर्यंत करतो."

"परवा? आज नाही होणार? तुमचं काय जातं हो, पोर माझं आहे!" मग तिलाच वाईट वाटलं. "तसं नाही, बाबाय. पण करा ना लवकर."

त्याने यादी बघितली. वायर काढली तरी नाव तिच्या डब्यात होतं.

घरी येताना त्याला लाज वाटत होती. आपली मुलगी असेल म्हणून आपण दार उघडं ठेवलं. पण दार आपलं नव्हतं. ते स्वरूपाचं होतं.

४

आठव्या दिवशी सकाळी तो वही-पेन घेऊन निघाला. आणि गल्लीच्या मधोमध उभा राहिला.

कोणत्या टोकापासून सुरू करायचं?

त्याच्या कामात ही गोष्ट विचारायची नसते. तारवाला नेहमी घराजवळून सुरू करून लांब जातो, म्हणजे शिडी आणायला सोपं. पण आज तसं केलं, आपल्या दारापासून एकेक घर बंद करत गेलो, तर ते नाव मागे मागे ढकललं जाईल. गिरणी, शिंपी, कोंडय्या, आणि मग बस स्टँडवरून बाहेर. सोपं होतं. रफी म्हणाला असता, शाबास चाचा.

आणि बस स्टँडकडून सुरू केलं तर त्याची परतीची वाट बंद होईल. पुढेच यावं लागेल.

तो बराच वेळ उन्हात उभा राहिला. मग बस स्टँडकडे चालू लागला.

त्या दिवशी त्याने सव्वीस घरं केली. डबा बंद, चालू, नवीन घाला, आठ आकडे. आकडे वहीत लिहायचे आणि चिठ्ठीवर घरच्यांना द्यायचे. कोंडय्या म्हणाला, "अरे, पोरीच्या नावाचा होता तो बरा होता. माझ्या लक्षात राहायचा." ऐलय्याने चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

नवव्या दिवशी सद्दुला. मोठा बतुकम्मा. स्वरूपाच्या घरी तो दुपारी पोचला. घरातल्या बायका फुलं रचत होत्या. पाळण्याजवळ तो डबा काढायला वाकला आणि त्याचं लक्ष वर गेलं. कॅमेरा अजून भिंतीवरच होता. वायर नाही, दिवा नाही. पण त्याची मान ना दाराकडे होती, ना पाळण्याकडे. ती भिंतीकडे वळलेली. त्या भिंतीपलीकडे तीन घरं सोडून ऐलय्याचं घर.

"हा असा कोणी फिरवला?"

"कोणी नाही, बाबाय. हातच लावला नाही आम्ही."

पोरांनी फिरवला असेल, असं तो मनात म्हणाला. घरात दुसरं पोर नव्हतं.

त्याने डबा बंद करून चालू केला. नवे आकडे घातले. यादीतलं नाव, आज अडीचच्या आधीच आलेलं, शेजारच्या घरात सरकलं. तिथे गेला, ते केलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. प्रत्येक वेळी नाव त्याच्या आधी पुढच्या दारात पोचलेलं असायचं. लहानपणी बाजारातून येताना चिट्टी अशीच पुढे पळायची आणि वळून उभी राहायची.

तीस घरं झाली. राहिलं एकच.

५

अडीचच्या सुमाराला सगळी गल्ली डोक्यावर फुलं घेऊन तळ्याकडे गेली. टाळ्यांचा आवाज लांब लांब गेला आणि थांबला. मागे कुत्रं उरलं, तेही सावलीत झोपलं.

सुगुणम्मा तळ्यावर जात नव्हती. तीन वर्षं गेली नव्हती. ती आत खाटेवर होती.

आपल्या डब्यासमोर ऐलय्या मांडी घालून बसला. नाव त्यात होतं. घरी आलं होतं. त्याने खोलीभर नजर फिरवली. चूल, फळी, फळीवर दोन पेले आणि तिसरा पालथा. पाण्याचं मडकं. काही हललेलं नव्हतं. कसला आवाज नाही. वास नाही.

"आलीस?" तो म्हणाला. आपल्याच आवाजाने दचकला.

स्वरूपाचं बाळ आठवलं. चोर आहे, ऐलय्या. रफी सांगतो. आणि चोर नसेल तरी, जी कोणी दुसऱ्याच्या पाळण्यात डोकावते ती... त्याने पुढचं मनात येऊ दिलं नाही. डबा बंद केला, चालू केला. आठ आकडे घातले.

"सुगुणे, आपला नवा पासवर्ड. सात सात दोन नऊ, शून्य चार चार एक. लक्षात राहील?"

आतून ती गुणगुणल्यासारखी म्हणाली, "सात सात दोन नऊ, शून्य चार चार एक."

यादीतून नाव गेलं. एकतीस घरं, सगळी स्वच्छ. संपलं. त्याला वाटलं, आपण दुसऱ्यांदा अंत्यविधी करून आलो.

मग फोनवर एक लाल ओळ आली. तिचा अर्थ रफीने त्याला दाखवून ठेवलेला: कोणीतरी चुकीचा पासवर्ड घालतंय. ओळीत नाव होतं. चंद्रकोर, शिडी, काठी.

जरा वेळाने आणखी एक ओळ. तेच नाव. मग आणखी एक. मग पुन्हा.

ती जुनाच पासवर्ड घालत होती. स्वतःचं नाव, स्वतःच्या जन्माचं वर्ष. घराला ते चालत नव्हतं.

ऐलय्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून लाल ओळी येताना दिसत होत्या. वीस. पंचवीस. दारात उभी असेल आणि कडी वाजवत असेल, तर बाप काय करेल? पण दार उघडंच होतं, सताड. बाहेर उन्हात कोणी नव्हतं.

काही तरी करायचं म्हणून त्याने उठून दूध तापत ठेवलं. चहा टाकला.

आत सुगुणम्माचा जुना फोन एकदा थरथरला. मग आवाज आला. "अम्मा..." रोजचाच आवाज. ती रोज ऐकते तेच असेल, असं त्याला वाटलं. पण पुढे जेवलीस का नव्हतं, सकिनालू नव्हतं. पुढचं त्याला ऐकू आलं नाही. त्याला फक्त बायकोचं ऐकू आलं. ती हळू, गाण्यासारखं म्हणत होती.

"...शून्य चार चार एक."

"सुगुणे!"

लाल ओळी थांबल्या. डब्याचा दिवा दोनदा लुकलुकला. यादीत, आपल्या घरासमोर, ते नाव उमटलं. हिरवं.

पडदा बाजूला करून सुगुणम्मा बाहेर आली. डोळे ओले, पण तीन वर्षांत ऐलय्याने पाहिला नव्हता असा चेहरा. "पोरगी एवढं विचारतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही गप्प बसलात होय? निष्ठुर कुठले."

तिने फळीवरचा पालथा पेला उचलला, पदराने पुसला, चहा ओतला. पडद्यापाशी गेली. आत गेली नाही. नुसता हात पडद्याआड घातला. हात रिकामा बाहेर आला.

आत लगेच पेटी आहे, ऐलय्याने स्वतःला सांगितलं. पेटीवर ठेवला असेल पेला. तिला सवयीने कळतं पेटी कुठे आहे ते.

पडद्याआडून आवाज आला. टक-टक.

सुगुणम्मा पडद्याजवळ खाली बसली, कान लावून. मान हलवत राहिली. मग वळून म्हणाली, "अहो, ती विचारतेय, बाकीच्या घरांचे काय ठेवलेत?"

ऐलय्याचा हात खिशावर गेला. वही तिथे होती. तीस घरं, घराला आठ आकडे. स्वरूपाचं घर सत्ताविसावं.

"सांगा ना. फार लांबून आलीय."

त्याने वही काढली. सुगुणम्माला वाटलं आता वाचणार. त्याने पानं एकेक फाडली आणि चुलीच्या निळ्या जाळावर धरली. बोटं भाजेपर्यंत धरली. शेवटचं पान राख होऊन पडलं तेव्हा तो पडद्याकडे तोंड करून बसला.

"मला ठाऊक नाही, बाळा," तो म्हणाला. "तूच सांगितलं होतंस असं म्हणायला."

आत कोणी हसलं असतं तर. त्याने वाट बघितली. चिट्टी असती तर हसली असती.

काही हसलं नाही. पडदा हलला नाही. मग पडद्याच्या खालच्या काठातून, फरशीवरून घासत, पेला बाहेर आला. सुगुणम्माचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. पेल्यामागे काही तरी होतं, तळहाताएवढं, आणि ते लगेच आत गेलं.

पेला भरलेला होता. चहा गार झालेला, आणि वर साय तशीच, न मोडलेली.

सुगुणम्माने पेला उचलला. सायीकडे तिनेही बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पदराने पेल्याचा काठ पुसला.

"रागावलीय," ती म्हणाली. "थोडा वेळ थांबू. मग घेईल."

तळ्याकडून बायका परत येत होत्या. रिकाम्या ताटांचे, हसण्याचे आवाज गल्लीत शिरले. स्वरूपा कोणाला तरी हाक मारत होती. डबा ऐलय्याच्या हाताशी होता, त्याची वायर दोन बोटं अंतरावर. त्याने वायरीवर बोटं ठेवली.

सुगुणम्मा पडद्याला टेकून पुन्हा नव्याने चहा ओतत होती.

त्याने बोटं काढून घेतली.